धोंड्यातली मुदत

खरं सांगू? चांदबीच्या नवऱ्याची तीन बोटं गेली तवा मला लई वाईट वाटलं व्हतं. दोन दिवस घास उतरला न्हाई. पण त्या तीन बोटांची भरपाई तिला मिळाली तवा माझ्या पोटात दुखायला लागलं ते लागलंच. माझ्या नवऱ्याचा अख्खा पाय गेला व्हता, आन् आमच्या हाती काय? एक कुबडी. तीबी सोलापूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला दया आली म्हणून.

आमचं गाव किल्लारीच्या पल्याड, चार कोसांवर. भूकंपात समदं दगडामातीखाली गेलं. नवं गाव सरकार बांधून देणार व्हतं, तोवर आम्ही पत्र्याच्या शेडात. माझं शेड आन् चांदबीचं शेड, मधी एकच पत्रा. तिच्या घरात फोडणी पडली की माझ्या घरात ठसका लागायचा. आम्ही लिंगायत, ते मुसलमान. पण ईदेचा शिरखुर्मा माझ्या घरी यायचा आन् पंचमीच्या लाह्या तिच्या घरी जायच्या. तिची हुस्ना आन् माझी शिवकांता एका बाकावर बसून शिकल्या. तिचा नवरा लालमहंमद आन् माझे मालक वीरभद्र, दोघं गवंडी. नव्या गावात कामाला तोटा न्हवता. बांधकामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार लातूरचा, पांढऱ्या जीपमधून यायचा, उतरायच्या आधी बुटांना चिखल लागंल का ते बघायचा.

भूकंपानंतरची पहिली नागपंचमी. आमच्यात त्या दिवशी चिरत न्हाईत, खणत न्हाईत, चुलीवर तवा ठेवत न्हाईत. मी मालकाला सकाळीच म्हणलं, "अवो, आजच्या दिवस नका जाऊ कामाला."

"खणायचं थोडंच हाय? सभागृहाचा स्लॅब टाकायचा हाय," म्हणले. "गुत्तेदार म्हणतो, आजच पायजे."

गेले. आम्ही बाया लिंबाला झोका बांधून गाणी म्हणून राहिलो व्हतो. दुपार कलली आन् धाडकन आवाज झाला. जिमीन हादरली. आता बगा, भूकंपातून वाचलेली माणसं आम्ही. आवाज झाला की पळायचं, एवढंच ठाऊक. आम्ही समद्या आवाजाकडं न्हाई, उलट्या दिशेला पळालो, मोकळ्या रानात. तिथं उभं राहून लेकरं मोजली. मोजून झाल्यावर कुणीतरी वरडत आलं की भूकंप न्हाई, सभागृहाचा स्लॅब बसला. खाली टेकू दिलेल्या बल्ल्या कच्च्या व्हत्या. तोवर आमची दोन माणसं ओल्या सिमेटात अर्धा तास पडून व्हती. त्या अर्ध्या तासाचं मला अजून लागतं.

मालकाचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. लालमहंमदच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली, अंगठा आन् करंगळी राहिली. सोलापूरच्या दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. गुत्तेदार चौथ्या दिवशी आला, मोसंब्यांची पिशवी घेऊन. ती पिशवी त्यानं माझ्या मालकाच्या खाटेवर ठेवली. चांदबीच्या नवऱ्याच्या खाटेकडं बघितलंबी न्हाई.

"मावशी, लेक समजून ऐका," मला म्हणला. "कोर्टकचेरीत काय ठेवलंय? वकील खातील समदं. मी वीरभद्रप्पाला सिमेटच्या गोदामावर चौकीदार ठेवतो. बसून पगार. फक्त कुठं अर्जबिर्ज करू नका."

मी मान हलवली. आन् खोटं कशाला बोलू, मला बरंबी वाटलं. मोसंबी माझ्याकडं आली, तिच्याकडं न्हाई.

घरी आल्यावर चांदबी पत्र्यापल्याडून म्हणली, "केवळा, मी वकिलाकडं जाऊन राहिली. विनोद वकील म्हणून हाय, लातूरला. येती का?"

"मला काय करायचं वकील? आमचं झालंय," म्हणलं मी. मनात म्हणलं, झिजव चपला. घालव जीपवाल्याला पैसे.

पावणेदोन वर्षं ती झिजवत राहिली. महिन्याला एक तारीख. पहाटे डोक्यावरनं पदर घेऊन निघायची, दिवेलागणीला धुळीनं माखून यायची. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील गैरहजर. मी दारात तांदूळ निवडत बसलेली असायचे. "काय झालं गं?" असं मुद्दाम मोठ्यानं इचारायचे, चारचौघींना ऐकू जाईल असं. "पुढची तारीख," ती म्हणायची. मला आतून गुदगुल्या व्हायच्या. देवा, पदरात घे.

माझे मालक गोदामाच्या दारात सिमेटच्या गोणीवर बसायचे. कुबडी शेजारी. उन्हाळ्यात खुंटाला घाम येऊन कातडं सोलायचं. संध्याकाळी मी खोबरेल लावायचे. नसलेल्या पायाची बोटं खाजायची त्यांना. "केवळा, अंगठा खाजव," म्हणायचे, आन् मी हवेत बोटं फिरवायचे. तेवढ्यानं त्यांना बरं वाटायचं.

मग शहाण्णव सालचा जून आला, आन् एकाच महिन्यात समदं उलटं झालं. नवं गाव बांधून संपलं. आम्ही सिमेटच्या घरांत गेलो. तिथंबी चांदबी शेजारीच. गोदाम रिकामं झालं. गुत्तेदाराच्या मुनशीनं मालकाला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." दोन दिवसांनी कळलं की चांदबीचा निकाल लागला, गुत्तेदारानं कोर्टात पैसे भरले.

आमचं मात्र तेलबी गेलं, तूपबी गेलं.

तिनं काय केलं ठाव हाय? घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. लालमहंमद अंगठ्यानं आन् करंगळीनं दट्ट्या सरकवायचा. गावात दुसरी गिरणी न्हवती. आता जवारी दळायची तर जायचं कुठं? तिच्या दारात. तिच्या रांगेत. पहिल्यांदा गेले तर सात बाया बसलेल्या. चांदबी गल्ल्यावर, नवी साडी, पिठानं पांढऱ्या भुवया. मला बघून म्हणली, "केवळाचं आधी घ्या, तिला रानात जायचं असंल." आन् दळणाचे पैसे दिले तर हात मागं घेतला. "तुझ्याकडून कसले?"

बायांसमोर! मी काय भिकारीण हाय? पुढच्या बुधवारपासून मी डोक्यावर पायली घेऊन दोन कोस शेजारच्या गावाला जायला लागले दळायला. पाऊस आला तर पीठ भिजायचं, भाकरी चिवट व्हायची. मालक म्हणायचे, "आगं, दारात गिरणी आन् तू..." मी म्हणायचे, "तिच्या गिरणीत खडे येतात." एकबी खडा येत न्हवता. पीठ कसं लुसलुशीत.

तेवढ्यावर भागलं न्हाई. दहावीचा निकाल लागला. शिवकांताला हुस्नापेक्षा अकरा मार्क जास्त. अकरा! आन् हुस्ना गेली लातूरला, अकरावी सायन्सला, वर शिकवणी. तवा लातूरचं लई नाव व्हायला लागलं व्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी लातूर, बोर्डात आलेल्या पोरांचे फोटो यष्टी स्टँडवर. हुस्ना पत्र्याची पेटी घेऊन जीपमधी बसली तवा माझी शिवकांता दारातून बघत व्हती. रडली न्हाई. खुरपं घेऊन माझ्यासंगं उडदात आली. संध्याकाळी तिच्या तळव्याला फोड आले, तर ते बघून मला चांदबीचाच राग आला. तिचा काय दोष, इचारा. पण राग तिचाच आला.

आषाढात धोंड्याचा महिना पडला त्या साली. त्या महिन्यातच एका दुपारी चांदबी माझ्या दारात आली. हातात पिठाचा डबा व्हता.

"हे कशाला?"

"आसंच." डबा उंबऱ्याच्या आत ठेवला आन् खाली बसली. "केवळा, आयक. वकील सांगत व्हता, अपघाताच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत असती. दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पायजे. माझ्या हिशेबानं तर आमच्या बारावफातच्या सणाआधी आठ रोज झालं व्हतं ते. म्हणजे आता दोनच हप्ते राहिले. उद्याच चल. मी येती संगं, जीपचं मी बघती."

जीपचं मी बघती! हे ऐकलं आन् माझ्या अंगाचा तीळपापड झाला.

"तुमचा चांद लवकर पळतो," म्हणलं मी. "पंचमीला झालं ते. पंचमीला दोन वर्षं भरतील. आजून दीड महिना हाय. हा तर धोंड्याचा महिना, हा कुठं मोजतात? जादाचा हाय तो."

"बघ बया. एकदा वकिलाला इचारावं..."

"मला कळतं. तुझ्याइतकं न्हाई शिकले, पण पंचमी कवा येती एवढं कळतं. आन् डबा ने तुझा. आमच्या घरी हाय पीठ."

ती उठली. डबा उचलला. जाताना मालकाकडं बघितलं तिनं, ते मान खाली घालून खुंट चोळत बसले व्हते. ती गेल्यावर म्हणले, "गेली असतीस तर काय झालं असतं?"

"तुम्ही गप बसा. तुमच्यामुळंच हे समदं."

असं बोलले मी. एक पाय नसलेल्या माणसाला.

मी ठरवलं व्हतं की माझी मी जाणार. तिच्या संगं न्हाई, तिच्या जीपमधी न्हाई. उडीद-मूग तोडणीला आला, रोज बारा-बारा तास वाकून कंबर मोडायची. तोडणीच्या मजुरीतून जीपभाडं बाजूला काढलं, आन् पंचमीला तीन दिवस राहिले असताना मालकाला घेऊन लातूरला गेले. मनात म्हणलं, बघ चांदबी, मुदतीच्या तीन दिवस आधी आले का न्हाई! वकील मातर तिचाच. दुसरा कुठला मला ठाऊक?

विनोद वकील पोरसवदा, चष्मा लावलेला. मालकाला हात धरून खुर्चीवर बसवलं. कागद काढला. "अपघात कधीचा, मावशी?"

"पंचमीचा. दोन वर्षं व्हायला तीन दिवस हायेत," मी नाक वर करून सांगितलं.

त्यानं कपाटातून चांदबीची फाईल काढली, बघितली, चष्मा काढून पुसला. "मावशी, अपघात बारा ऑगस्टचा. आज सोळा तारीख. दोन वर्षं चार दिवसांपूर्वी संपली."

"आसं कसं? पंचमी तर सोमवारी हाय!"

"यंदा धोंडा आला ना. त्यानं पंचमी पुढं सरकली. कायदा इंग्रजी तारखेनं चालतो. धोंडा त्याला कळत न्हाई."

माझ्या पायाखालची जिमीन सरकली. भूकंपातबी अशी सरकली न्हवती. मालक कुबडीच्या रबराकडं बघत राहिले.

वकील म्हणला, "अगदीच बुडालं असं न्हाई. उशीर माफ करा म्हणून अर्ज देता येतो. पण कारण सबळ पायजे. कागद जमवून अर्ज जाईपर्यंत आठ दिवसांचा उशीर धरा. आन् आणखी एक. गुत्तेदाराच्या हजेरीपुस्तकात वीरभद्रप्पाचं नावच न्हाई. काढून टाकलंय. ते कामावर व्हते हे सांगणारा साक्षीदार एकच, लालमहंमद."

बया बया बया! म्हणजे फिरून फिरून चांदबीच्याच दारात.

तीन दिवस गेले न्हाई. पंचमी झाली, लाह्या फोडल्या, तिच्याकडं धाडल्या न्हाईत. चौथ्या दिवशी गिरणी बंद झाल्यावर गेले. चांदबी जात्याखालचं पीठ झाडणीनं गोळा करून राहिली व्हती. मी दारातच उभी. वाटलं व्हतं, ही आता म्हणणार, सांगितलं न्हवतं का? तसं म्हणली असती तर लई बरं झालं असतं. दोन शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

तिनं एवढंच इचारलं, "तारीख हुकली?"

मी मान हलवली.

"कवा जायचं साक्षीला?"

आत लालमहंमद भाकरी खात व्हता, अंगठ्यानं आन् करंगळीनं तुकडा धरून. तो म्हणला, "वैनी, मी येतो. वीरभद्रप्पा माझ्या बाजूलाच व्हता. त्यानं मला ढकललं म्हणून बोटांवर निभावलं माझं."

हे मला मालकानं कधीच सांगितलं न्हवतं. मी घरी येऊन चुलीपुढं बसून राहिले. लालमहंमदला वाचवायला ह्यांनी ढकललं, आन् गिरणी तिच्या घरी. मला वाटायला पायजे व्हतं की माझा नवरा देवमाणूस. मला वाटलं, ती गिरणी माझी हाय.

सुनावणी लागली ती माघाच्या तोंडाला. रमजान चालू व्हता. चांदबीचा रोजा, लालमहंमदचाबी. जीपमधी आम्ही चौघं. पाणीसुद्धा न्हाई त्यांच्या तोंडात, आन् मालकाचा पाय, म्हणजे खुंट, चांदबीनं आपल्या पिशवीवर टेकवायला घेतला, धक्के लागू नयेत म्हणून. मी खिडकीतून बाहेर बघत व्हते. हरभरा घाट्यावर आला व्हता.

कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलानं बजावलं, "मावशी, कारण आपण असं लिहिलंय, अर्जदार अडाणी, मुदतीची माहिती कुणी दिली न्हाई. तेवढंच सांगायचं." चांदबी बाजूलाच व्हती. तिनं ऐकलं.

मला पिंजऱ्यात उभं केलं. शपथ दिली. आमच्या वकिलानं इचारलं, मी सांगितलं. मग गुत्तेदाराचा वकील उठला. जाडजूड माणूस, आवाज मऊ.

"बाई, तुमच्या शेजारणीनं ह्याच अपघाताचा दावा जिंकला. तिला दोन वर्षांची मुदत ठाऊक. भिंतीला भिंत तुमची. तिनं तुम्हाला सांगितलं न्हाई?"

मी खाली बघितलं. पिंजऱ्याच्या लाकडावर कुणीतरी खिळ्यानं नाव कोरलं व्हतं. "न्हाई," म्हणलं मी.

"कधीच न्हाई?"

"न्हाई."

मला खाली उतरवून चांदबीला बोलावलं. ती पदर सावरत वर चढली. ओठ रोज्यानं पांढरे पडलेले. तिलाबी शपथ दिली, तिच्या देवाची. जाडजूड वकिलानं तेच इचारलं. "तुम्ही केवळाबाईंना मुदतीबद्दल सांगितलं व्हतं का?"

मी डोळे मिटले. म्हणलं, संपलं. ही खरं सांगणार. आन् का सांगू नये?

"न्हाई, साहेब," चांदबी म्हणली. "मी तिला सांगितलंच न्हाई."

"का? एवढी शेजारीण तुमची."

"मला तिचा जळफळाट व्हता, साहेब. दवाखान्यात गुत्तेदार तिच्या नवऱ्याच्या खाटेवर मोसंबी ठेवून गेला, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. तिच्या नवऱ्याला चौकीदारी. तिच्या पोरीला मार्क जास्त. म्हणून सांगितलं न्हाई. बुडू दे, म्हणलं."

साहेबानं पेन थांबवलं. आमचा वकील खुश झालेला दिसला. याच्यापरीस चांगलं कारण कुठलं? तिच्यापुढं मी गरीब बिचारी, फसवलेली.

आन् मला काय झालं ते मला आजून नीट सांगता येत न्हाई. मी म्हणणार न्हाई की मला सत्याचा उमाळा आला. सत्यबित्य काही न्हाई. मला एवढंच दिसलं की ती वर उभी हाय, रोजा धरलेली, आन् माझ्यासाठी खोटं बोलून राहिली. देवाला साक्षी ठेवून. तिनं गिरणी घेतली, पोरगी लातूरला धाडली, आन् आता चांगुलपणाबी तीच घेऊन जाणार. जन्मभर मी तिच्या उपकाराखाली. दळणाचे पैसे घ्यायची न्हाई, तसंच हे. आन् जळफळाट? तो तर माझा व्हता! दोन वर्षं मी जळले, आन् ही तिथं उभी राहून तोबी आपल्या नावावर करून घेती?

मी उठले. "खोटं बोलती ती!"

पट्टेवाला धावला. वकिलानं माझा पदर ओढला. मी त्याचा हात झटकला.

"खोटं हाय, साहेब! ती आली व्हती माझ्या दारात. धोंड्याच्या महिन्यात. पिठाचा डबा घेऊन. उद्याच चल म्हणली, जीपचं मी बघती म्हणली. मीच गेले न्हाई."

साहेब म्हातारे व्हते, कानाजवळ केस पांढरे. म्हणले, "बाई, तुम्ही आत्ता शपथेवर न्हाई म्हणालात."

"म्हणले. खोटं म्हणले."

"मग गेला का न्हाईत?"

"मला तिचं बघवत न्हवतं, साहेब," म्हणलं मी, आन् माझा आवाज फाटला. "तिची गिरणी बघवत न्हवती. तिच्या पोरीची पेटी बघवत न्हवती. तिच्या संगं गेले असते तर ती मोठी झाली असती आन् मी ल्हान. म्हणून म्हणलं, पंचमीला दोन वर्षं भरतात, तवा माझी मी जाईन. धोंडा मोजायचा नसतो असं मला वाटलं. माझ्या नवऱ्याचा काय गुन्हा न्हाई ह्याच्यात. पाय त्यांचा गेलाय. मी जळले म्हणून त्यांचं बुडवू नका."

साहेबानं कारकुनाला दोन्ही सालांचं पंचांग आणायला सांगितलं. शेजारच्या खोलीतून आणलं कुणीतरी. पानं उलटून बघितलं, तारखा बोटावर धरल्या. मग चांदबीकडं वळले.

आन् तिला झापलं. शपथ घेऊन खोटं बोलणं गुन्हा हाय, तुरुंगात टाकता येतं, एका दाव्यात भरपाई घेऊन दुसऱ्या दाव्यात खोटी साक्ष द्यायला लाज वाटत न्हाई का, असं समदं. मला एक शब्द जास्त बोलले न्हाईत. मी अडाणी, मी रडणारी. ती मातर ताठ उभी, म्हणून तिला. वकील, पक्षकार, पट्टेवाले, समदे तिच्याकडं बघत व्हते. तिनं पदराचं टोक दातात धरलं व्हतं. लालमहंमद दाराशी उभा राहून आपल्या हाताकडं बघत व्हता.

महिन्याभरानं हुकूम आला. उशीर माफ. विनोद वकिलानं वाचून दाखवलं. अर्जदाराची पत्नी अशिक्षित, तिनं मुदत तिथीनं मोजली, अधिक मासामुळं फरक पडला, हेतू वाईट न्हवता. हेतू वाईट न्हवता! माझी जळण त्या कागदात कुठंच न्हवती. पुढं लालमहंमदनं साक्ष दिली, खरी साक्ष, आन् वर्षाभरानं मालकाच्या पायाची भरपाई मिळाली. तीन बोटांच्या दुपटीहून जास्त. जयपूरचा पाय बसवला. शिवकांता दोन वर्षं उशिरा का व्हईना, लातूरला गेली. तिथं ती आन् हुस्ना एकाच खोलीत राहतात, एकाच ताटात जेवतात.

म्हणजे माझ्या मनासारखं समदं झालं.

चांदबी मातर त्या दिवसापासून माझ्याशी बोलली न्हाई. जीपमधून येताना एकदाच तोंड उघडलं तिनं, रोजा सोडायची येळ झाली तवा. खजूर तोंडात घातला, पाण्याचा घोट घेतला आन् बाहेर बघत म्हणली, "केवळा, म्या जे सांगितलं ते समदं खोटं न्हवतं गं. मोसंब्यांचं खरं व्हतं. मलाबी लागलं व्हतं ते. तरी मी तुझ्या दारात आली व्हती."

मालकाचा खुंट अजून तिच्याच पिशवीवर टेकलेला व्हता.

आता मी तिच्याच गिरणीत दळण नेते. ती पैसे घेती, मोजून, गल्ल्यात टाकती. माझा नंबर आला की दळून देती, एक शब्द न्हाई. माझ्या मागं जना परटीण असती, तिला म्हणती, "बस गे, चहा ठेवती." जना टेकून बसती, दोघी हसतात, पिठात माखलेल्या हातानं चांदबी तिच्या पाठीत थाप मारती.

मी डबा डोक्यावर घेऊन निघते आन् त्या जनाचा मला असा हेवा वाटतो की घरापर्यंतची दहा पावलं चालवत न्हाईत.